आधीचा रावराणे

रविवारी रात्री नऊला
कोपरखैरण्यातल्या आमच्या दहा बाय बाराच्या खोलीत
सात माणसं, एक स्टूल आणि रावराणे.

मरून दोन वर्षं झाली त्याला.
शेवटच्या भागात, जेट्टीवर, पाठीत गोळी.
तेव्हा मढवीवहिनींनी दोन दिवस मासळी शिजवली नव्हती.
आता तोच परत आलाय, बावीस वर्षांचा,
मिशी अजून धड फुटलेली नाही,
नव्या बुटांनी टाच सोललेली.

पहिल्याच भागात हेमांगी ओरडली,
"अगं, हा उजव्या हातानं लिहितोय!"
आमचा रावराणे डावखुरा.
त्यावरून जाहिराती संपेपर्यंत भांडण.
कुणी म्हणालं, पुढे हाताला लागणार असेल काहीतरी,
कुणी म्हणालं, लागतंय कसलं,
लिहिणाऱ्यानं जुने भाग बघितलेच नसतील.
माझा नवरा, मार्केटात दिवसभर कांद्याची पोती वाहून आलेला,
भिंतीला टेकून, डोळे मिटूनच बोलला,
"कान बघा. कान वेगळेत.
माणसाचं सगळं बदलतं, कान नाही बदलत."

तरी बघतो.

अवघड एवढंच की आम्हाला ठाऊक आहे.
तो सदा बेंडाळे, डब्यातली अर्धी भाकरी मोडून देणारा,
वीस वर्षांनी जेट्टीवर मागे उभा असणार.
पडद्यावर दोघं एकाच विडीचे झुरके घेतात, हसतात,
आणि वहिनी सोलता लसूण ताटात टाकतात,
"नको रं बाला, त्याचे हातशी नको घेव,"
जसा काही तो वळून ऐकेल.

आणि ती शकू, कंपाउंडरची मुलगी.
जुन्या मालिकेत तिचं नावसुद्धा नव्हतं कुठे.
म्हणजे ती जाणार.
लग्न होऊन नाशिकला, की खाडीत,
तेवढंच कळायचं बाकी.
ती गॅलरीत केस वाळवते, नुसती खोकते,
आणि हेमांगी बोटांवर उरलेले भाग मोजते.

तळमजल्यावरचे घाडगेतात्या. हवालदार म्हणून निवृत्त.
जुनी मालिका त्यांनी एक मिनिटही पाहिली नाही,
"पोलीस असं बोलत नसतात."
ही पाहतात, कारण साल अठ्ठ्याऐंशी, त्यांचं.
स्टुलावर ताठ बसून चुका काढतात.
"मागे दिसतोय तो रेल्वेचा पूल. तेव्हा नव्हताच.
वाशीला गाडी आली ब्याण्णवला.
पट्टा असा बांधला असता तर परेडला उन्हात उभा केला असता.
डायरीत निळी शाई. हां, हे बरोबर."

गेल्या रविवारी रावराणेनं पहिला आरोपी पकडला,
खाडीत, गुडघाभर चिखलात.
पंचनामा लिहिताना चार ओळी गाळल्या.
सदा शेजारीच होता, म्हणाला, असू दे रे, कोण वाचतंय.
खोलीत लसूणसुद्धा थांबला.
त्या चार ओळींनीच पुढे त्याला जेट्टीवर नेलं होतं.

तात्यांनी चष्मा सदऱ्याला पुसला.
"पोरगा चांगला आहे," म्हणाले,
"पण नोंदी नीट ठेवत नाही.
पेन्शनीच्या वेळी फार हेलपाटे पडतील याला."

हेमांगीनं माझ्याकडे पाहिलं,
मी वहिनींकडे.
नवऱ्यानं डोळे उघडले.

"साहेब होतो का हो पुढे?"

"व्हतो," वहिनी म्हणाल्या. "मोठा साहेब व्हतो."
खोटं नव्हतं ते.

मी चहा टाकायला उठले.
मागे नावं वर सरकत होती,
तात्या तीही वाचत होते, एकेक.
"आणि तो सदा? असतो ना बरोबर?"

"असतो तात्या," मी ओट्याकडे तोंड करून म्हटलं,
"अगदी शेवटपर्यंत.
साखर घालू ना?"