उलटी खुर्ची

खुर्चीचं तोंड बघू नये. तोंड सगळ्यांचंच घासूनपुसून ठेवलेलं.
मी आधी तिला उलटी करतो.
"बसाची वस्तू ती, उलटी कित्याक करतास?"
फिलोमिन आल्मेडा दारातून विचारते, हात पिठाचे.
मी गप्प. दातांत टॉर्च आहे.

वेंगुर्ल्याच्या कॅम्पात, मागच्या पडवीत,
पाच खुर्च्या पालथ्या, पाय वर,
आठवडी बाजारातल्या बांधलेल्या कोंबड्यांसारख्या.

पोटाला डागलेला गोल शिक्का: हा करणाऱ्याचा.
कागदाची चिठ्ठी: ती विकणाऱ्याची.
यात गल्लत करणारे पुष्कळ.
पुण्यातले एक गृहस्थ दुकानदारालाच कारागीर समजून
अकरा वर्षं त्याच्या नावावर खुशीत बसलेत.

इथं अर्धी चिठ्ठी कसरीनं नेली.
उरलं फक्त शेपूट: "-सेन".
तिकडे निम्मी माणसं सेन, म्हणजे अमक्याचा मुलगा.
आपलं आडनाव गाव सांगतं, त्यांचं बाप.
खाली एक के, आणि तिरपी रेघ मारलेला ओ,
हिशेबात शून्य लिहून कुणी ते खोडावं तसा.
कोपनहेगन, मी म्हणतो. मनातच.
भाव ठरेपर्यंत शहराचं नाव घ्यायचं नसतं.

सागवान. सयामचं असेल, नाहीतर ब्रह्मदेशचं,
थंडीत जाऊन खुर्ची होऊन परत उन्हात आलेलं.
बैठक कागदाच्या दोरीची.
कागद! पिळून, ओढून, आणि त्यावर साठ वर्षं माणसं.

कैतान आल्मेडा बोटीवर तेलवाला होता.
ती बोट दारूखान्यात तोडायला काढली तेव्हा
साहेबांच्या जेवणघरातल्या सहा खुर्च्या
त्यानं पगारातून कापून घेतल्या.
आगबोटीनं आणल्या वेंगुर्ल्यापर्यंत.
आगबोटीतून पडावात उतरवताना
एक निसटली.
"तरंगली थोडी," फिलोमिन सांगते, "मगे गेली."

पण पडवीच्या कोपऱ्यात सहावी आहे.

तीच पाठ, तोच हातांचा बाक,
मी उलटी करतो: शिक्का नाही, चिठ्ठी नाही.
मागचे पाय फणसाचे, पिवळे,
बैठक काथ्याची, पण वीण तशीच,
एक दोर वर, एक खाली, कोपऱ्यात तसंच वळण.
आणि आतल्या पट्टीवर सुताराच्या जाड पेन्सिलीनं
"मागे दीड सूत कमी. भिवा."

दीड सूत. मी उरलेल्या पाचही मोजल्या.
पाठ थोडी जास्तच ताठ होती त्यांची,
जेवणघराला शोभेल अशी.
भिवा मेस्तानं कैतानला बसवून पाहिलं असणार
आणि मग रंधा उचलला असणार.
असणार, असं मी म्हणतो. मला पुरावा लागतो एरवी.

"पप्पा हेच्यारच बसायचो," ती म्हणते.
"हीचा काय येतला?"

माझ्या वहीत चार रकाने.
कर्ता. विक्रेता. साल. किंमत.
पाचांचे भरले: कर्त्याचा शिक्का ओळखीचा,
विक्रेत्यापुढं "-सेन, कोपनहेगन" आणि एक प्रश्नचिन्ह.
सहावीपुढं लिहिलं: भिवा मेस्त, उभादांडा.
विक्रेता: कुणी नाही.
साल तिला विचारलं, तर ती म्हणाली,
धाकटी बहीण रांगत होती ते साल.
किंमतीपाशी पेन थांबलं.
मुंबईचा माझा शेठ शिक्क्याचे पैसे देतो,
सुताचे नाही.

"असो," मी म्हणालो, "हिचं बघू."
"बघूचा नाय. ती इकूची नाय."
आणि पिठाचे हात लुगड्याला पुसून
ती सरळ त्या सहावीवर बसली,
पाचांचे पैसे मोजायला.
दोनदा मोजले. दुसऱ्यांदा पाठ टेकून.

टेम्पोत पाचही पालथ्याच घातल्या,
शिक्के आभाळाकडे.
बंदराच्या वळणावर ड्रायव्हर म्हणाला,
एका माणसाला पाच कशाला हो लागतात?
मी पाण्याकडं बघत होतो.
तिथं खाली कुठंतरी एक आहे,
चिठ्ठी न फाटलेली, पुरं नाव असलेली,
आणि ते वाचायला
फक्त बोईट.