सातवी कॉइल

ऑक्टोबरात लोक कूलर बांधून ठेवतात जुन्या चादरीत,
आणि मानेवाडा रोडवरचं माझं वाइंडिंगचं दुकान
होळीपर्यंत जांभया देत बसतं.
त्या रिकाम्या महिन्यांत पवनचक्की करायला घेतली.
उभ्या आसाची. गच्चीवर मावेल एवढी.

पाइप बोअरवेलचा, आठ इंची, उभा चिरलेला.
दोन पन्हळी, पाठमोऱ्या, जराशा एकमेकींत सरकवलेल्या,
एका ओट्यावर दोन जावा उभ्या राहतात तशा.
बेअरिंग मोडीतल्या लुनाचं.
चुंबकाच्या चकत्या मोमिनपुऱ्यातल्या रज्जाकभाईंकडून,
किलोच्या भावानं.
"बोट जपा, ताई," ते म्हणाले.
घरी येईस्तोवर चेंगरलं होतं.

तार माझी. ते तर माझंच काम.
नऊ कॉइल, एकेकीला एकशेवीस वेढे.
वेढे मोजताना मी बोलत नाही,
बाबांनी शिकवलं ते एवढंच: हात चालू, तोंड बंद.
सातव्या कॉइलच्या चौऱ्याऐंशीव्या वेढ्याला
एक जण मिक्सर घेऊन आला,
आत डोकावला, माझ्यावरून नजर पुढे नेली,
"दुकानात माणूस नाही का कोणी?"
म्हटलं, "आहे."
तो तरी वाट पाहत उभा.
मग चौऱ्याऐंशी झाले होते की चौऱ्याण्णव,
आजही सांगता येत नाही.

डिसेंबर गेला. जानेवारी.
चक्कीच्या ताणाच्या दोरीवर
ढोमणेकाकू टॉवेल वाळत घालू लागल्या.
नागपुरात वारा नाही असं नाही,
तो कडुनिंबाचं एक पान हलवतो
आणि बाकीच्या झाडाला न सांगता परत जातो.
स्वच्छ सकाळी उत्तरेला कोराडीचा धूर दिसतो,
सरळ वर, फूटपट्टीनं आखलेला.

मोठ्या पवनचक्क्या वारा आला की
त्याच्याकडे तोंड वळवतात.
हिला वळावं लागत नाही,
म्हणून तर ही केली.
कुठूनही ये. मागून ये.
बोळातून, भिंतीला आपटून, तोंडात धूळ घेऊन ये.

एप्रिलात एका दुपारी फिरली!
अनवाणी धावले, गच्ची तव्यासारखी,
मीटर धरून या पायावर, त्या पायावर:
एक व्होल्ट. दीड. पावणेदोन.
कडुनिंब मात्र ढिम्म.
मग दिसलं. वरच्या खोलीतल्या किरायादाराचं दार सताड उघडं,
कूलरची सगळी हवा बाहेर,
आणि त्या कूलरची मोटर मीच भरलेली, मागच्या मेमध्ये.
निखिलेश खाटेवर लोळत म्हणाला,
"हवा तं माही हाय नं, ताई. बिल बी माहंच."
कोळसा तिकडे जळला, तारेतून इथवर आला,
माझ्या तारेत फिरला, पुन्हा माझ्याच तारेत शिरला.
शंभरातले दोन उरले असतील.
मी हसले खूप. मग त्याला दार लावायला सांगितलं.

खरं वावधान मे संपता संपता आलं, रात्री अकराला.
आधी पत्रे बोलले. मग अख्ख्या मानेवाड्याची लाईट गेली.
वर पोचले तर पन्हळी दिसेनात,
नुसता एक राखाडी खांब गरगरत होता,
लुनाचं बेअरिंग किंचाळत होतं
आणि ब्रेक मी बसवलाच नव्हता.
इथे कुठला लागतोय, असं वाटलं होतं.
झाडू घातला मध्ये. अर्धा झाडू ढोमण्यांच्या अंगणात.
मग आठवलं, तिन्ही तारा एकत्र चिमटल्या
की ती स्वतःच स्वतःला अडवते,
पण मग दिवा जातो.
चिमटा हातात धरून मी उभी होते,
आता, आता, म्हणत,
आणि दिवा पांढरा, पिवळा नाही, पांढरा जळत होता.

चिमटा लावायची वेळ आली नाही.
वावधानच दमलं.
ढोमणेकाकू वर आल्या, टॉवेल शोधत.
चक्की हळू झाली होती, दिवा उतरत चालला होता.
"थरथरतो का गं उजेड?" त्यांनी विचारलं.
म्हटलं, "दहा वेढे."
कमी की जास्त, ते सांगितलं नाही.