नदी म्हण, नाहीतर समुद्र

मोंतेविदेओच्या या काठावर
समोरचं पाणी नेमकं काय आहे
हे कुणी छातीठोक सांगत नाही.
नकाशात नदी. पण पलीकडचा काठ दिसत नाही,
आणि वारा दक्षिणेचा असला
तर ओठांवर मीठ येतं.

माझी मुलगी माइते, वय पंधरा.
"काय झालं?" विचारलं की दार लावून घेते.
मागच्या हिवाळ्यात त्या दाराची कडी
मी तीनदा बदलली.
किल्ल्या करणं हा माझा धंदा,
शहरभराची कुलपं उघडून देतो.
पुढचं तुम्हीच समजा.

मग कधीतरी, ठरवून नाही, सुरू झालं.
सहाला दुकान बंद. थर्मास काखेत,
दुधीच्या वाटीत येर्बाचा पाला, स्टीलची नळी,
आणि माल्वीनच्या भिंतीवर दोघं,
पाय पाण्याकडे सोडून.
माझा फोन दुकानाच्या गल्ल्यात.
तिचा तिच्या खिशात.
एकदा मागितला होता;
तो प्रसंग सांगण्यासारखा नाही.

पाणी उकळू द्यायचं नाही, हे आईनं शिकवलेलं.
किटली गुणगुणायला लागली की उतरवायची.
खळखळलं की पाला जळतो,
मग कितीही ओता, तो वास जात नाही.
चाळीस वर्षं हे मला
फक्त किटलीबद्दल ठाऊक होतं.

पहिली वाटी ओतणाऱ्याची.
ती सगळ्यात कडू. ती मी पितो.
दुसरी तिची.
नळी ढवळायची नाही.
आणि आभार म्हणायचं नाही,
कारण आमच्याकडे आभार म्हणजे
पुरे, आता मला नको.

विचारायचं एवढंच, आलटून पालटून:
आज नदी की समुद्र?
नदी म्हणजे गढूळ,
म्हणजे वर्गात काहीतरी, किंवा पोटात काहीतरी,
म्हणजे खोदून विचारू नकोस
पण उठूनही जाऊ नकोस.
समुद्र म्हणजे जरा लांबचं दिसतंय.
पाण्याचा रंग आणि तिचं उत्तर
जुळेलच असं नाही.

शेजारी म्हातारा ओलेगारिओ गळ टाकून बसतो,
रिकाम्या बादलीत डोकावतो
आणि रोज म्हणतो, "उद्या."

एप्रिलमध्ये सलग अकरा दिवस
माइतेनं पहिल्याच वाटीला आभार म्हटलं.
भरलेला थर्मास मी तसाच घरी नेला,
जिन्यात तो मांडीवर आपटत राहिला.
बाराव्या दिवशी
सहाला दुकान बंद.

गुरुवारी जागेच्या मालकाचं पत्र आलं.
दोन महिन्यांत गाळा रिकामा करा.
संध्याकाळी मी किटलीकडे बघत होतो,
ऐकत नव्हतो.

भिंतीवर माझी वाटी मी न चाखताच संपवली,
दुसरी तिला दिली.
तिनं घोट घेतला, तोंड वाकडं केलं.
"पपा, जळलंय."
मग पाण्याकडे बघतच,
"आज नदी की समुद्र?"

समुद्र म्हणणार होतो.
बापानं म्हणायचं असतं ते.
शब्द ओठांपर्यंत आलासुद्धा होता.
"नदी," मी म्हणालो.

तिनं काय झालं विचारलं नाही.
वाटी दगडावर उपडी करून ठोकली,
पिशवीतला नवा पाला भरला,
थर्मासचं झाकण उघडं ठेवून
वाफेवर वारा येऊ दिला,
बराच वेळ.
पहिली वाटी तिनं स्वतः घेतली,
डोळे मिटून, तळापर्यंत.
दुसरी माझ्यापुढे धरली.

ओलेगारिओनं दोरी गुंडाळली,
म्हणाला, "उद्या."
अंधार पडला. काठावरचे दिवे लागले.
वाटी जात येत राहिली,
आणि मी आभार म्हटलं नाही.