जुना, बोटभर

गोवावेसला, टायरवाल्याच्या शेजारी,
सकाळी सव्वासहाला
भरमू उचगावकरनं किल्ली पुढं केली
आणि आत्तीनं ती घेतलीच नाही.

"थांब की. आधी बघतो."
पदर खोचला, मोबाईलची बॅटरी लावली
आणि उकिडवी बसली मागच्या चाकाशी.
म्हापशाला बारसं होतं, चोर्ल्यात धुकं असणार,
पोरं फुटपाथवर कुंद्याच्या डब्याला टेकून पेंगत होती.
मला लाज वाटत होती.
भाड्याची गाडी. येणारे-जाणारे बघतात.

पण आत्ती पत्र्यावरून बोट फिरवत राहिली,
जसं वडगावात चाळीस वर्षं
मागावरून उतरलेल्या साडीवर फिरवलं:
काठ, पदर, पोट, परत काठ.
गाठ कुठं, धागा कुठं तुटला
ते डोळ्यांच्या आधी बोटाला कळतं.

"लिही," म्हणाली. मी लिहिलं
वाणसामानाच्या वहीत, हिंगाच्या खाली:
डावं मागचं दार, ओरखडा, जुना, बोटभर, आत गंज.
पुढच्या बंपरला चिमटीएवढा पोपडा.
काचेत खडा लागलेला, मोहरीएवढा.
आरशावर कुणाची तरी टिकली.
डिझेल दोन काड्या.
स्टेपनी आहे. जॅक नाही.
एकेकाचा फोटो, आणि मागं दुकानाची पाटी
वरच्या मोठ्या कन्नड ओळीसकट यायला पाहिजे.

भरमू हसला. कन्नडमध्ये लांबलचक सही केली.
"आता तरी जावा काकू, घाटात ट्रक लागतील."

तिसऱ्या रात्री परत आलो तर भरमू नव्हता.
मालक होता. खुर्चीतून न उठता
त्याचं बोट थेट
डाव्या मागच्या दारावर.
"हे काय ओ? नवीन हाय.
साडेतीन हजार. डिपॉझिटमधून वळते करतो."

वळते करतो.
हा शब्द आत्ती ओळखते.
शहापूरच्या पेढीवर एकदा तेलाचा थेंब दाखवून
मजुरीतून एकशेदहा वळते झाले होते.
थेंब पेढीवरच्याच समईचा.
ती एकोणीसची होती. तेव्हा वही नव्हती.

वही आता तिनं टेबलावर उघडली.
हिंगाखालची ओळ. ओळींखालची सही.
मी फोटो मोठा करत गेलो, गंज दिसेपर्यंत.
मालक बराच वेळ
आपल्याच माणसाची सही वाचत बसला.
"आयतु," म्हणाला. "बरं."

इथं संपायला हवं होतं.
पण आत्ती उजव्या बाजूला गेली
आणि चाकावरच्या कमानीवर बॅटरी धरली.
"हा आमचा. चिऱ्याच्या गडग्याला घासला.
वहीत नाही. ह्याचे घे."

मालक पहिल्यांदाच खुर्चीतून उठला. वाकला.
त्याला तो दिसलाही नसता.
"पाचशे," म्हणाला, मग "चारशे द्या."
"पावती," आत्ती म्हणाली.

रिक्षात पोरं पुन्हा झोपली.
मी विचारलं, कशाला सांगितलंस?
ती पावतीची घडी घालत होती,
काठाला काठ जुळवून.
"माझ्या हातनं धागा तुटला तर
मी आपण होऊन सांगत होतो. तेवढे कापू देत."

आणि रेल्वे फाटकापाशी, गाडी जायची वाट बघताना,
"तो थेंब मात्र माझा नव्हता."