पत्रा

शुवैखच्या तिसऱ्या गल्लीत, टायरवाल्याच्या मागे,
बू मिशारीने सदुसष्टची शेवरले वनेट आणून टाकली,
चारी चाकं बसलेली.
पिकअपला कुवेतात वनेटच म्हणतात. मीही म्हणतो.
गावी गेलो की जीभ अडखळते.

"नवीन कर," म्हणाला. "बाप हिच्यातून मेंढ्या न्यायचा."
मी म्हटलं, मेंढ्यांचा वास सोडून सगळं परत येईल.
हसला नाही. मग हसला.

पत्रा कसा आहे ते डोळ्याला कळत नाही.
बोटाची पेरं वाकवून टकटक करत जायचं.
बॉनेट बोललं, मडगार्डं बोलली,
टपही बोललं, घोगरं.
ड्रायव्हरच्या दाराखालची पट्टी मात्र मुकी.
मुकी म्हणजे पुट्टी.
मिझान म्हणाला, उस्ताद, नका उघडू,
रंग मारू वरून, कुणाला कळतंय.
तो बावीस वर्षांचा आहे. मीही होतो.

ग्राइंडर लावला. पांढरा रंग गेला, मग हिरवा,
मग मूळचा आभाळी उघडा पडला.
बाहेर तोझ उठलेली, समोरचं दुकान दिसेना,
त्या दिवसातलं आभाळ तेवढंच,
माझ्या हाताखाली, नखाएवढं.

पुट्टी निघाली वडीसारखी, बोटभर जाड.
तिच्या मागे भोक. भोकात बोळा.
बोळ्यावर अक्षरं, आणि ती मला वाचता आली
याचं आधी नवलच वाटलं नाही.
मग वाटलं.

लोणच्याचा डाग पडलेलं मराठी पान.
चिपळूणच्या कापडवाल्याचा सेल,
एसटीच्या बदललेल्या वेळा,
आणि कोपऱ्यात, चौकटीत:
चि., पुढचं नाव गंजाने खाल्लेलं,
असशील तिथून निघून ये.
आईने अंथरूण धरलं आहे. कोणी रागावणार नाही.

रागावलो मीच.
अरे, गंज कापायचा सोडून कागद कोंबतोस?
आमच्या भागाचं नाव घालवतोस, तेही आतल्या आत?
मग आठवलं, संध्याकाळी गाडी हवीच म्हणून
डोक्यावर उभा राहणारा मालक,
कापायला पत्रा नाही, आणि हाताशी काय,
तर गावाहून आलेल्या बरणीभोवतीचा पेपर.
मीही एकदा. सालमियात. पांढरी डॅटसन.
असो.

बू मिशारीने विचारलं, काय लिहिलंय?
कुणाला तरी घरी बोलावतायत.
गेला का?
यात नाही लिहिलेलं.
त्याने बोळा हातात घेतला, हुंगला,
म्हणाला, परत ठेव आत. गाडीचाच आहे.
मी म्हटलं, कागद ओल धरतो.
पाच वर्षांत इथूनच सडेल.
तो गप्प. मेंढ्यांच्या वेळी होता तसा.

त्या वीतभर तुकड्याला दोन दिवस लागले.
पत्रा चमकेपर्यंत गंज कापला,
नवा तुकडा वाकवला, टाके मारले,
हातोडी-डॉलीने शिवण बसवली, आत मेण फवारलं,
पाण्याला जायला खाली दोन भोकं ठेवली.
पट्टी आता पोकळ आहे, असायला हवी तशी.

कागद? तो शर्टाच्या खिशात राहिला
आणि शुक्रवारी मशीनमध्ये गेला.
सगळ्या धुण्याला पांढरे कण.
मिझानच्या लुंगीलासुद्धा. शिव्या देत झटकत बसला.

मंगळवारी बू मिशारी आला.
रंग पाहिला नाही, चाकं पाहिली नाहीत.
कंदुरा गुडघ्यांत आवरून उकिडवा बसला
आणि पेरांनी टकटक केली त्या पट्टीवर,
बरोबर त्याच जागी.
बोलली.