दाढेखाली

वेतेच्या दवाखान्यात मंगळवारी दात काढतात.
मी नावं लिहिते, थुंकदाणी धुते,
आणि कोण किती रात्री जागलंय
ते वासावरून ओळखते.

एका रात्रीचा वास कोवळा,
जेवणावर सहज चघळल्यासारखा.
तीन रात्रींचा तिखट,
गालाची आतली कातडी सोलवटलेली.
आठवड्याचा वास आधी आत येतो,
माणूस मागून, जबडा रुमालात धरून.

पेम्बा बेटावर दुखणं झाकून राहत नाही,
लवंग चहाडी करते.

आज फाकी मकामे आले.
सत्तरी उलटली तरी झाडावर चढतात,
अंगठ्याच्या बेचक्यात फांदी पकडून.
"नऊ रात्री," मी म्हटलं.
"अकरा," ते म्हणाले. "पहिल्या दोन नुसत्याच सोसल्या.
चटईवर वाळत घातलेल्या कळ्या
म्वानाकोम्बो मोजून ठेवते."

लवंग दाढेला झोपवते, बरी करत नाही.
हे मी प्रत्येकाला सांगते.
प्रत्येक जण मान डोलावतो
आणि पुढच्या खेपेला तितक्याच उशिरा येतो.
कारण झोप ही काय साधी गोष्ट आहे
ठणका कानापर्यंत चढलेला असताना?
फाकींची मुलगी मिझे बोटीत बसली की
जिभेखाली एक कळी धरते,
उंगुजा दिसेपर्यंत तोंड उघडत नाही.
तिला विचारा.

डॉक्टर रय्यांनी दाढ तपासली. वाचेल म्हणाल्या.
काचेवर पांढरी भुकटी घेतली,
तपकिरी बाटलीतले दोन थेंब टाकले,
आणि मळू लागल्या, कणीक मळावी तशा.
फाकींच्या नाकपुड्या हलल्या.
"हा वास..."
"लवंगेचं तेल, आजोबा. बाटली बाहेरून येते."

तोंड उघडं ठेवून हसणं कठीण, पण ते हसले.
बोळा निघाल्याबरोबर म्हणाले,
"म्हणजे कळी तोडली मी,
फांदीवरून पडता पडता वाचलो मी,
तिनं जहाजातून जग पाहिलं,
बाटलीत बसून माझ्याच दाढेत परत आली,
आणि पैसे पुन्हा मीच द्यायचे?"

डॉक्टरांनी अर्धे घेतले.
दोन दिवस त्या बाजूनं चावू नका, म्हणाल्या.

फाकी दारात थांबले, टोपी नीट करत.
मला म्हणाले, "लवंगेचं फूल पाहिलंयस कधी?
कळी उघडली की गेली, वजनकाटा तिला विचारत नाही.
मी एका फांदीकडे दरवर्षी काणाडोळा करतो.
लाल केसर येतात, बारीक, तीनचार दिवस.
म्वानाकोम्बोला सांगू नकोस."

मग खिशातून दोन कळ्या काढून
माझ्या वहीवर ठेवल्या.
"फी नाही, उसन्या," ते म्हणाले.
"चार रात्री झाल्या ना तुला?"

मी पान उलटलं, पुढचं नाव पुकारलं,
डावा गाल न हलवता.