उणे पंचावन्न

पहिल्या दिवशी तूवाला मी काही शिकवलं नाही.
मनगटाला पट्टा बांधला,
त्याची तार मेजाखालच्या अर्थिंगला जोडली
आणि म्हटलं, जे आभाळात जायचं
त्याला हात लावताना आपण जमिनीला बांधलेलं असावं.
वाक्य माझं नव्हे, बेंग्टचं.
तो निवृत्त झाला, मग इथेच विसरून.

लिनशॉपिंगचा नोव्हेंबर, साडेतीनला अंधार.
तशाही आमच्या खोलीला खिडक्या नाहीत.
विद्यापीठातून ती सिग्नल शिकून आली होती,
स्वच्छ, वहीतले, गुळगुळीत.
इथे सहा आठवडे नुसते कागद भरले:
कोणता स्क्रू, किती पिळाने, कोणी आवळला, कोणी पाहिला.
"मी इंजिनिअर आहे की कारकून?"
म्हटलं, विमान पडलं की आधी कारकुनालाच बोलावतात.

मग आली ती पेटी. रडारच्या पोटातली, पावाएवढी.
उणे पंचावन्न, अधिक पंच्याऐंशी, पुन्हा उणे,
अशा दोनशे फेऱ्या.
एकशे एकोणनव्वदावीत एक आकडा अडखळला
आणि लगेच शहाण्यासारखा सरळ झाला.
शुक्रवार होता. "केबल असेल," मी म्हणाले.
एकतीस वर्षांत बहुतेकदा केबलच निघते.
मी घरी गेले. ती गेली नाही.

सोमवारी सूक्ष्मदर्शकाखाली तिने मला दाखवला
सोल्डरचा एक ठिपका
आणि त्याच्या कडेने, गार दुधावरची साय सरकावी
तशी एक सुरकुती.
गारठ्यात उघडणारी, उबेत मिटणारी.
मी बराच वेळ डोळा काढला नाही.

जेवणाच्या सुट्टीत मोतालाहून आईचा फोन:
काय केलंस गं इतके दिवस?
"एक भेग शोधली."
कशातली?
"ते सांगता येत नाही, आई."
पलीकडे बेकरीतले पत्रे वाजत राहिले.

संध्याकाळी पट्टा सोडता सोडता तिने विचारलं,
"गुन्वोर, ही पेटी शेवटी बघणार काय?"
लांबचं.
"आणि बघून झाल्यावर?"

त्याला आमच्या फॉर्मात रकाना नाही.
मीही शोधला होता, माझ्या पहिल्या हिवाळ्यात,
पानाच्या मागेसुद्धा.

खाली दोनच ओळी असतात.
'आढळले' समोर तिने पूर्ण नाव लिहिलं,
शाळेतल्यासारखं, रेघ न सोडता.
'पाहिले' समोर मी सही केली.
पेन चालेना,
तिचंच घेतलं.